लाल खुणेवरचा काटा

यंत्रयुगाने कोकणी माणसाला निर्भय केलं, असं मी एकदा जामसंड्याच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या भाषणात म्हणालो होतो. अध्यक्षस्थानी आंब्याचे एक व्यापारी होते. त्यांनी मान डोलावली, तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तोवर मी कुठल्याही यंत्राच्या शेजारी फार वेळ बसलो नव्हतो, म्हणून वाक्य ठणठणीत आलं.

पुढे याच व्यापाऱ्यांनी गोव्याहून एक जुनी अमेरिकन पिकअप आणली. गोवा मुक्त होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गाडी तिथल्या कुठल्याशा खाणीवर राबलेली होती, पण तिचे गियर आपोआप बदलत. पायाखाली क्लच नावाची वस्तूच नव्हती. हार घालून, नारळ वाढवून व्यापारी चार शब्द बोलले. "ही गाडी स्वतः विचार करते," असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या वाड्यात ही सोय प्रथमच येत होती.

गाडी चालवायला त्यांनी एका तांडेलाला ठेवलं. वीस वर्षं मचवा हाकलेला माणूस, गुडघ्यांनी समुद्र नको म्हटलं म्हणून जमिनीवर आलेला. क्लच नसल्यामुळे तो आठवड्यात तयार झाला. स्टिअरिंगचं चाक तो सुकाणूसारखं धरायचा आणि वळणावर आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायचा.

चाकाच्या खाली बशीएवढी एक तबकडी होती. खाणीवरच्या मिस्त्रीने ती मागाहून बसवली होती. तिची तार खाली गियरच्या तेलात गेलेली. हे तेल तांबडं असे, आणि सगळी गाडी त्याच्यावर चाले. चढावर ते तापे, तसा तबकडीतला काटा सरके. एका जागी लाल रंगाची खूण होती. काटा तिच्यापलीकडे गेला की तेल करपतं, आणि मग इंजिन कितीही बोंबललं तरी चाकं हलत नाहीत, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. म्हणून घाट चढताना शेजारी एक वाचता येणारा माणूस बसवायचा आणि त्याने फक्त काट्याकडे बघायचं, असा व्यापाऱ्यांचा नियम होता. एरवी हे काम त्यांच्या मुनिमाचं.

त्या वैशाखात ते माझ्याकडे आलं. बायकोला नववा महिना लागला होता. देवगडच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, पुन्हा तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. मूल आडवं होतं. "कळा सुरू व्हायच्या आत कोल्हापूर गाठा," ते म्हणाले. "सुरू झाल्यावर फार वेळ मिळणार नाही." कुणाला मिळणार नाही, ते मी विचारलं नाही.

व्यापाऱ्यांनी पेट्या उतरवून गाडी दिली. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवलंच पाहिजे. मागे आंब्याच्या गवतावर गादी घातली, वर ताडपत्री बांधली. गादीवर बायको आणि तिच्या उशाशी माझी सासू बसली. पुढे तांडेल आणि मी. उजाडता उजाडता निघालो. नांदगावपर्यंत काटा सभ्य माणसासारखा खालीच होता.

फोंड्याला घाटाच्या पायथ्याशी इंजिनात पाणी घालायला थांबलो. तेव्हा मला वास आला. गाडीखालून मासे तळल्यासारखा वास येत होता. मी तांडेलाकडे पाहिलं. तो घाटाकडे पाहत होता.

"वास कसला येतोय?"

"तेलाचो."

"कुठल्या तेलाचा?"

"मोरीच्या," तो म्हणाला. "मास्तरानू, तेल कमी झाला व्हता. तांबडा तेल गोंयात गावता, हय खंय गावतला? म्हणान मिया काल बाटलीभर मोरीचा तेल घातलंय. मचव्याक चलता, हेका कित्याक चलाचा नाय?"

मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. तिच्या काळजाचं तेल आमच्याकडे होड्यांच्या फळ्यांना चोपडतात, म्हणजे लाकूड कुजत नाही. अमेरिकेच्या कुणा इंजिनिअराने स्वतः विचार करणारी गाडी बांधली, ती काय खाऊन विचार करणार आहे याची त्याला कल्पना नसावी. एरवी मला हसू आलं असतं. पण त्याच वेळी मागून सासूचा आवाज आला, "जावयानू, चला बेगीन. बायच्या पोटात दुखाक लागला."

परत देवगडला जाण्यात अर्थ नव्हता. तिथे जे होण्यासारखं होतं ते झालं होतं. आम्ही घाटाला लागलो.

काटा चढू लागला. मी रस्ता पाहिला नाही, दरी पाहिली नाही. मला घाट म्हणून आठवते ती तबकडीची पिवळट पडलेली काच आणि तिच्यात एक काळी रेघ. ताडपत्रीआडून बायकोचा आवाज यायचा, मग थांबायचा. मी तो थांबण्याचा काळ मोजू लागलो आणि लगेच मोजणं सोडून दिलं. तिसऱ्या की चौथ्या वळणाला काटा खुणेला टेकला.

"थांबा," मी म्हणालो.

तांडेलाने गाडी कडेला घेतली, गियर सोडवला आणि इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. उन्हात आम्ही काट्यासमोर उभे राहिलो.

"थांबलास कित्याक रे मेल्या?" सासू आतून ओरडली. "हय काय जत्रा आसा?"

"गाडी तापली, काकीनू."

"तापली ती गाडी! माझा चेडू हय घामान न्हाला, ता कोणाक दिसना नाय!"

काटा उतरायला दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत कळा दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी बायकोने मला नावाने हाक मारली. लग्नानंतर सात वर्षांत तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. मी हातातला रुमाल पिळत होतो. तो कोरडा होता हे मला मागाहून कळलं.

पुन्हा निघालो. आता काटा अधिक वेगाने चढला. वासही वाढला. अर्धा घाट उरला होता. काटा खुणेजवळ आला, खुणेवर बसला आणि बारीक सरकत खुणेच्या पलीकडे गेला.

थांबलो तर मूल वाटेवर अडकणार. न थांबलो आणि तेल करपलं, तर आम्ही सगळेच दरीच्या काठावर अडकणार, उलट्या बाजूने एखादा ट्रक येईपर्यंत. वर्गातल्या मुलांना मी नेहमी सांगत असे की, मोजमाप खोटं बोलत नाही. मोजणारा बोलू शकतो, हे सांगायचं राहून गेलं होतं.

"काटो खंय आसा?" तांडेलाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"खालीच आसा," मी म्हणालो. "चल तू."

वळण घेऊन झाल्यावर तो हळूच बोलला, "मास्तरानू, इतक्या वर्सांत तुमी माझ्याकडे मालवणीत बोलाक नाय. म्हणजे काटो बराच वर आसा."

त्याने पायाने पेडल आणखी दाबलं.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी काट्याकडे पाहिलं नाही. तबकडीवर मी रुमाल टाकला होता. प्रत्येक चढाला गाडी एक क्षण अडखळे, जणू ठरवत असे. मी देवावर फारसा विश्वास ठेवणारा नाही. त्या दिवशी मी मोरीवर ठेवला.

दाजीपूरला झाडीची गार हवा लागली आणि चढ संपला. तांडेलाने रुमाल उचलून पाहिलं. काटा खुणेच्या बराच अलीकडे उतरला होता. त्याने रुमाल घडी करून माझ्या हातात दिला.

कोल्हापुरात दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. पेपरांवर सही घेताना नर्सने माझ्या सदऱ्याचा वास घेतला आणि विचारलं, "मासळीचा धंदा का?" मी हो म्हणालो.

हकिगत कळल्यावर व्यापाऱ्यांनी तांडेलाला चारचौघांत फैलावर घेतलं. इतकं नाजूक यंत्र, आणि त्यात माशाचं तेल! गोव्याहून तांबड्या तेलाचे डबे आले, जुनं तेल सांडून दिलं गेलं, आणि ते नवं तेल ओतताना पुन्हा नारळ वाढवला गेला. तांडेल मान खाली घालून उभा होता. मीही होतो, पण त्याच्या बाजूने काही बोलायचं धाडस मला झालं नाही.

पुष्कळ वर्षांनी, मुलगी कॉलेजात असताना, रद्दीत आलेल्या एका इंग्रजी यांत्रिक मासिकात मी वाचलं की, त्या काळी आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्यांच्या तांबड्या तेलात कारखान्यातच देवमाशाचं तेल मिसळत असत.