सगळ्यात हलका बोकड

बकऱ्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरबाहेरचा आमचा गोठा आईनं उभा केला, पण कळपासाठी कोणता बोकड ठेवायचा हे चार वर्षांपासून मी ठरवते. मी पशुविज्ञान शिकलेली. इतवारीच्या बाजारातून लटकता काटा आणला, प्रत्येक पिल्लाचं तीन महिन्यांचं वजन वहीत टिपलं आणि दरवर्षी सगळ्यात वजनदार नर ठेवला. बाकीच्यांच्या पाठीवर लाल पट्टा ओढायचा आणि बकरी ईदला विकून टाकायचे. आई नुसत्या नजरेनं निवडायची, त्यावर मी मनसोक्त हसले आहे.

तिची एक कानफाटी बकरी होती. दर वेताला दोन पिल्लं, आणि दोघांना पुरेल एवढं दूध. तिचा वंश आपल्या कळपात राहावा, एवढंच आईला हवं होतं. पण कानफाटीची पिल्लं काट्यावर कायम मागे पडायची. दीड वर्षापूर्वी जुळे बोकड देऊन ती मेली.

यंदा ईदच्या तोंडावर आई म्हणाली, "बकऱ्या एकेकच पिल्लू देऊन राहिल्या. जुळे कुठं गेले वं?"

तिला गप्प करायलाच मी वही उघडली. मी निवडलेले चारही बोकड एकटे जन्मलेले होते. आईचं सगळं दूध एकट्यानं प्यायचे, म्हणून वजनात भारी. जुळ्यांचं दूध वाटलं जायचं, आणि त्यांना मी कमअस्सल ठरवून विकत होते. म्हणजे जुळी देणारं रक्त मीच कळपाबाहेर काढलं होतं, आणि माझ्या बोकडांच्या लेकी आता एकेकच पिल्लू देत होत्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट. माझी मलाच लाज वाटली.

"तुले दिसत होतं, तर बोलली काहून नाही?"

"बोलली होती. तू हसून राहिली होती."

कानफाटीच्या शेवटच्या दोघांपैकी एक बोकड मी आदल्या आठवड्यातच विकला होता. दुसरा लाल पट्टा घेऊन दावणीला उभा होता, गिऱ्हाईक उद्या येणार होतं. मी फडकं रॉकेलमध्ये बुडवून पट्टा पुसायला बसले. आईनं त्याची शिंगं धरली.

"हा किती भरला होता?" तिनं विचारलं.

"सगळ्यात कमी."

"ठेव मंग," आई म्हणाली.