खाडीच्या पाण्यात कालवलेले रंग

रविवारी संध्याकाळी, जलरंगांच्या प्रदर्शनाच्या शेवटच्या तासात, विक्रीसाठी नसलेलं एक चित्र विकलं गेलं.

चित्रकार मालतीबाई माहेरच्या खाडीची मालिका घेऊन पुण्यात आल्या होत्या. तिवरं, ओहोटीचा चिखल, बगळे, सगळी चित्रं गेली. खाडीत उतरणाऱ्या परसदारच्या पायरीचं तेवढं त्यांनी मागे ठेवलं होतं. त्याला काचही लावली नव्हती.

एका वयस्क गृहस्थांनी त्यावरचे बारीक पांढरे कण दाखवले. "बुरशी धरलीय का हो?"

"मीठ आहे. रंग खाडीच्या पाण्यात कालवलेत."

"मग हे मला द्या. तुम्हाला दुसरं काढता येईल."

"आणलेलं पाणी संपलं. आता त्या पायरीवरून कोण उतरू देणार? भावाने घर विकलं."

जलरंगातलं पाणी चित्रात राहत नाही. ते उडून गेलं की चित्र पूर्ण झालं असं मानतात. आपण पाणी म्हणून पाहतो ते पाण्याने जाताना मागे सोडलेलं असतं. सुटलेली गावंही बहुधा अशीच उरतात. या कागदावर मीठ उरलं होतं.

गृहस्थांनी न विचारता कागदाच्या कोपऱ्याला बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

"आमचं घर पलीकडच्या तीरावर होतं," ते म्हणाले. "तुमची पायरी आमच्या ओटीवरून दिसायची. आता तिकडेही आमचं कुणी नाही."

मालतीबाईंनी चित्र भिंतीवरून उतरवलं. कागदात गुंडाळण्याआधी त्याच कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.