दोन कैऱ्यांचं पन्हं

मुलगी तेव्हा तिसरीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत वहीत लिहायच्या दहा गोष्टींचा एक कागद शाळेने दिला होता: आठवडाभराचं तापमान, खिडकीतून दिसणारं झाड, घरच्या सरबताची कृती, आवडत्या माणसाला पत्र, अशा. तिची आई हिवाळ्यातच गेली होती. घरात आम्ही दोघंच.

मी पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक बघतो. मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही जुनी सवय. तिची वहीही मी तशीच तपासायचो. तिने एक्केचाळीस अंश लिहिले की आधी फोनवर ताडून बघायचो, मग टिक करायचो.

रविवारी शेलार गावाहून सासूबाई यायच्या. "जावईबापू, पोरीच्या वहीत काय खोकी हायेत का मोजायला?" म्हणायच्या. मुलगी हसायची. त्या दिवसांत ती तेवढंच हसायची, म्हणून मी उलटून बोलत नसे.

सरबताच्या पानावर तिने पन्हं लिहिलं. दोन कैऱ्या उकडायच्या, वाटीभर गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, गार पाणी. शेवटी लिहिलं होतं, तीन ग्लास होतात.

मी लाल पेनने तीन खोडून दोन केलं.

"आई तीनच करायची," ती म्हणाली.

"हो, पण आता आपण दोघंच ना."

तिने खोडलेल्या शब्दाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रडली नाही. "बरं," म्हणाली आणि वही मिटली.

पुढचं पान पत्राचं होतं. चार दिवस ते कोरंच राहिलं. पाचव्या दिवशी मी विचारलं, "कोणाला लिहिणार आहेस?"

"तुम्हीच सांगा ना, पप्पा. म्हणजे चुकणार नाही."

त्या दिवशी कामावर माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी येताना दोन कैऱ्या आणल्या. तिची वही ओट्यावर उघडी ठेवून, तिने लिहिलं होतं तसंच, त्याच मापाने पन्हं केलं आणि ग्लासांत ओतलं. तीन ग्लास भरले. पातेल्यात काही उरलं नाही.

तिचा आकडा बरोबर होता. न मोजता आकडा लिहिणारा मीच होतो.

मी तिला बोलावलं. "माझं चुकलं गं. दोन कैऱ्यांचे तीनच ग्लास होतात. तू बरोबर लिहिलं होतंस."

तिने तिन्ही ग्लास बघितले. मग लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "असू दे, पप्पा. पुढच्या वेळी कैऱ्या छोट्या आणा. मग दोनच होतील."

आपला ग्लास घेऊन ती खिडकीशी जाऊन बसली. मला तिच्या शेजारी बसवेना. मी ओट्यापाशीच उभा राहिलो.

जूनमध्ये वही शाळेत द्यायची होती. नऊ पानं भरली होती, पत्राचं पान कोरं. लिही, असं तिला सांगायचा धीर मला झाला नाही. खाली पालकांच्या सहीची जागा होती, तिथे मी सही केली.