आठ पेले आणि एक किल्ली

शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात त्यांनी अठरा वर्षं काजं केली, म्हणून सगळे त्यांना काजताईच म्हणत. सकाळी घरून निघताना अर्धा पेला पाणी प्यायच्या. पुढचा घोट थेट संध्याकाळी घरी आल्यावर. तहान लागत नव्हती असं नाही. पण चाळीस बायकांत बाथरूम एकच, तेही मागच्या आवाराच्या टोकाला. त्याला कुलूप, आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. हवी असेल तर मशिनींच्या खडखडाटात ओरडून मागायची. मुकादम आधी घड्याळाकडे बघायचा, मग बाईकडे.

"आत्ताच जाऊन आलात ना?"

चार पुरुषांसमोर हे कोण ऐकून घेणार? त्यापेक्षा घसा कोरडा पडलेला बरा, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. काजताई तर दिवसभर जागेवरून हलत नसत. मालकांना ही कामावरची निष्ठा वाटली. त्यांनी ताईंना 'आदर्श कामगार' म्हणून शाल दिली.

शाल मिळाली त्याच महिन्यात ताईंना लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध दिलं आणि विचारलं, "पाणी किती पिता?"

ताईंनी खरं काय ते सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"आणि लघवीला लागली की?"

"दाबून धरते. सवय झालीये."

"ही सवय मोडा. तहान लागली की प्यायचं, लागली की जायचं. उकाड्यात घाम जातो, तेव्हा थोडं जास्त प्यायचं."

"पण पेले किती?"

"पेले मोजायला मी कुठे येऊ? लघवी गडद दिसली की पाणी कमी पडतंय म्हणून समजा."

एवढं सोपं उत्तर घरात कुणाला पटेना. नवरा म्हणाला, चार लिटर. नणंद म्हणाली, कोमटच, आणि तेही बसून. दीर कशालाही गणित लावणारा. त्याने ताईंचं वजन विचारलं. ताईंनी सांगितलं नाही, म्हणून तो सूत्र न सांगताच उठून गेला. शेजारणीने तर फोनवर पाण्याचा गजर लावून दिला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा ताई बसमध्ये उभ्या होत्या, दोन्ही हात वरच्या दांडीला.

इकडे कारखान्यात आणखी पाच-सहा बायका त्याच दुखण्याने रजेवर जाऊन आल्या. मालकांनी गंभीर होऊन पाण्याचे तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञ कोट घालून आले. त्यांनी पडद्यावर निळे थेंब दाखवले, रोज आठ पेल्यांचा मंत्र दिला आणि स्वतः तासाभरात दोन चहा घेतले. मग प्रत्येकीला एकेक बाटली वाटली. तिच्यावर रेघा होत्या: दहापर्यंत इथवर, बारापर्यंत तिथवर.

"आदर्श कामगारांनी दोन शब्द बोलावेत," मालक कौतुकाने म्हणाले.

काजताई कधी माइकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "साहेब, पाणी पिऊ की. पण आत गेलेलं पाणी बाहेरही यायचं असतं. त्याची किल्ली यांच्या खिशात आहे."

बायका फिदीफिदी हसल्या. मुकादमाने खिशावर हात ठेवला. तज्ज्ञांनी "छान प्रश्न आहे" म्हणून पुढचा थेंब दाखवला.

"ऐकलंत ना, रेघेप्रमाणे प्यायचं," ताई जेवणाच्या सुट्टीत बायकांना म्हणाल्या. "हुकूमच आहे."

दुसऱ्या दिवशी दहाच्या रेघेला चाळीस बाटल्या एकदम वर गेल्या. अकराच्या आत मागच्या आवारात रांग लागली, ती वळसा घालून मालकांच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आली. मशिनी गप्प. बाह्या एकीकडे, कॉलर एकीकडे. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय चाललंय?"

"आरोग्य, साहेब," रांगेतून ताई म्हणाल्या. त्यांचा नंबर एकविसावा होता, त्यामुळे जास्त बोलायची सोय नव्हती.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'पाणी शक्यतो घरी प्यावे.' सकाळी तिच्याखाली चाळीस बायका बाटल्या घेऊन उभ्या. ताई मालकांच्या खोलीत गेल्या. 'लघवी दाबून धरल्याने आजार' असं लिहिलेली डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली.

"अशा सहा चिठ्ठ्या आहेत, साहेब. आणखी आणू का?"

मालकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्याच दिवशी कुलूप निघालं आणि आणखी दोन बाथरूम बांधायचं ठरलं.

तीन महिन्यांनी ती तयार झाली. उद्घाटनाला मालकांनी दाराला फीत बांधली, तज्ज्ञांना पुन्हा बोलावलं, आणि मुकादमाने पाण्याचं महत्त्व या विषयावर भाषण सुरू केलं. पाऊण तास झाला तरी त्याची गाडी 'पाणी म्हणजेच जीवन' याच्या पुढे सरकेना. बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागल्या. काजताईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग गळ्यातल्या दोऱ्याला लटकणारी धागे कापायची कात्री काढली, कच्चकन फीत कापली, आत गेल्या आणि कडी लावली.

बाहेर भाषण चालूच होतं.