फोनवरचा आवाज आणि जळालेला हिरडा

नोकरीत केसेस लई झाल्या, पण हिरड्याच्या वणव्याची केस अजून डोक्यातनं जात नाय.

डिंगोरे गावाच्या पश्चिमेला महादेव कोळ्यांची एक वाडी. हिरडा वेचायच्या ऐन दिवसांत तिथला डोंगर पेटला. दोन दिवसांनी सकाळी ठाण्यात फोन आला, मीच उचलला. जुना फोन, नंबर दिसायचा नाय.

"वाडीतल्या शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्यानंच पेटवलाय साहेब. हात बघा त्याचं. हंऽऽ, आपल्याला काय त्याचं!"

हात बघितले. दोन्ही भाजलेले. वनखात्याची फिर्याद आलीच होती, तीही वाडीवाल्यांवरच. म्हाताऱ्याला चौकशीला आणलं.

"बाबा, हात कशानं भाजलं?"

"इझवताना. माझीच झाडं जळाली साहेब. हिरड्यावर आमचं वरीस निघतं."

भरपाईसाठी त्यानं अर्ज दिला होता. आरोपी ठरला असता तर तोही गेला असता.

"मग पेटवला कुणी?"

ठाऊक नाय म्हणाला.

मला एक खोड आहे. कुणाचाही आवाज ऐकला की काढल्याशिवाय राहवत नाय. मोठ्या साहेबांचा आवाज काढून मी हवालदारांना भर दुपारी परेडला उभं केलेलं. चहा घेताना सहज फोनवाल्याचा आवाज काढला, "हंऽऽ, आपल्याला काय त्याचं!"

म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला. "आरं द्येवा! ह्यो तर खालच्या मळ्याचा मालक! पोरं नक्कल करत्यात त्याची. पर तुमची लई झ्याक!"

मळ्यात गेलो. बांधावरचं गवत जळून काळं झालेलं, आणि तिथनंच जळाल्याचा पट्टा सरळ डोंगरावर गेलेला.

"कुनी पेटवलं, मला काय ठावं?" मालक म्हणाला.

मी त्याच्याच आवाजात म्हणालो, "वाडीतल्या म्हाताऱ्यानंच पेटवलाय साहेब. हंऽऽ, आपल्याला काय त्याचं!"

मालकानं टोपी काढून हातात घेतली. "बांध साफ करत व्हतो साहेब. वारं सुटलं, आवरलं नाय. वाडीवाल्यांचं नाव घेतलं की फुडं कोन इचारतंय?"

पंचनामा केला, जबाब घेतला, म्हाताऱ्याला घरी सोडलं. तेव्हापासून नव्या पोरांना सांगत आलो, वणव्यात भाजलेला हात दिसला तर आधी तो विझवणाऱ्याचा समजा.

मी रिटायर झाल्यावर तो म्हातारा बाजारात भेटला. भरपाईचा अर्ज अजून फिरतोच आहे म्हणाला.

"साहेब, तुमी समद्यांचा आवाज काढता. एकदा भरपाईवाल्या साहेबांचा काढा, आन 'मंजूर' म्हना."

"काढला असता बाबा. पण त्यांना तसं म्हणताना ऐकलंय कुणी?"

दोघंही हसलो. मग त्यानं रिकामी पिशवी खांद्यावर टाकली आणि तालुक्याच्या ऑफिसची वाट धरली.