हौसाकाकूची मूठ

नातीनं विचारलं, "आजोबा, कल्पनेतल्या, पण मनाला भिडणाऱ्या गोष्टींचा एखादा संग्रह सांगा ना." मी कपाटातून जुना संग्रह काढला. पानांना अजून खडीच्या धुळीचा वास होता.

बहात्तरच्या दुष्काळात कॉलेजची मेस बंद पडली आणि मी पारनेरकडच्या आमच्या गावी सरकारी कामावर खडी फोडायला गेलो. दुपारच्या सुट्टीत बायका म्हणाल्या, "कालेजात शिकतूस न्हवं? मग वाच की कायतरी!" व्रताची कहाणी ऐकताना हातात तांदूळ धरायचे आणि संपल्यावर खाली ठेवायचे, ही त्यांची रीत. "तांदूळ गावलं तर शिजवून खाईन मी!" एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या आणि त्यांनी मुठीत एकेक खडा घेतला.

मी याच संग्रहातली एक गोष्ट वाचली. तिच्यातली मुलगी ढग आणायला आभाळात चढते. आई अंगणात वाट पाहत राहते. गोष्ट तिथंच संपते. बायकांनी खडे ठेवले, पण शेजारच्या हौसाकाकूनं ठेवला नाही. तिची धाकटी लेक त्याच आठवड्यात तापानं गेली होती.

"पोरगी माघारी येती न्हवं?"

"एवढीच हाय गोष्ट, काकू."

"कहानीत गेलेलं मानूस येतंच. पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचली. शेवट तोच आला. काकूला गोष्ट कळली नाही, असं मला त्या वयात वाटलं. पुढं आयुष्यभर वाचत राहिलो, तसं गोष्ट तिलाच लागली होती हे उमगलं.

मुकादमाची शिट्टी झाली. काकू उठली आणि उजवी मूठ तशीच मिटून डाव्या हातानं पाटी भरू लागली.