न लावलेलं रीळ

दिवाळीच्या सुट्ट्यांत नागपुरात एका सभागृहात सात दिवस जुने पिक्चर दाखवणार होते, रोज दुपारी एकेक. मुलानं फोनवर यादी वाचून दाखवली. सातांपैकी पाच मी स्वतःच्या हातानं चालवलेले. थेटरात नाही, तंबूत. वडनेर, केळझर, नाचणगाव, जिथं जत्रा तिथं आमचा तंबू. मी ऑपरेटर होतो. शाळा चौथीत सुटली, पण मशीन माझ्याइतकं या जिल्ह्यात कोणाला समजत नव्हतं, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

मी अन् बायको नागपूरला गेलो, पण खरं सांगायचं तर पिक्चर हे निमित्त होतं. मुलगा नागपूरच्या घरात एकटा होता. सून दसऱ्याच्या आधीच नाचणगावला माहेरी निघून गेली होती. झालं असं की घरी चार दोस्त जेवायला आले असताना मुलगा त्यांच्यासमोर तिला म्हणाला, "तुले अक्कल नाई." तिनं पानं वाढली, सगळ्यांना पोटभर जेवू घातलं अन् दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली. नंतर निरोप धाडला की घ्यायला या, तर येईन.

मुलानं तेव्हाच मला फोनवर विचारलं, जाऊ का? मी सांगितलं, "जाऊ नोको. आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं यील. तुही माय नाई आली का?"

बायको बाजूला सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती. ती म्हणाली, "तुमी नोका शिकवू त्याले." पण मी ऐकणारा माणूस नाही.

मी असं का बोललो ते सांगावं लागेल. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा बायकोच्या बहिणीचं लग्न निघालं, तिच्या माहेरी, केळझरला. मी जत्रा सोडून गेलो नाही. ती एकटी गेली अन् तिकडंच राहिली. निरोप आला, घ्यायले या. मी म्हटलं, मी काय नेऊन सोडलं होतं का? सात महिने गेले. मग आमचा तंबूच केळझरला लागला, गणपतीच्या टेकडीखाली. त्यात एक पिक्चर होता. नवरा वाकडं बोलतो, बायको लेकरू घेऊन माहेरी जाते, अन् पुढं एक दिवस पेटी घेऊन स्वतःच दारात येऊन उभी राहते. नवरा आतून दार उघडतो, काही न बोलता पेटी उचलतो. बायकांच्या बाजूला बसून माझ्या बायकोनं तो पाहिला. तंबू उठून मी वडनेरला घरी गेलो, त्याच्या दोनच दिवसांनी ती पेटी घेऊन दारात. मी बी काही बोललो नाही. पेटी उचलली.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आलो की पिक्चरनं माझा संसार नीट केला. व्याह्यांना सांगितलं, मुलाला तर लहानपणापासून सांगितलं.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नव्हती. तो पिक्चर सोळा रिळांचा होता. मी पंधराच लावत होतो. जत्रेत एका सांजेला दोन खेळ करावे लागत, अन् सोळा रिळांत दुसरा खेळ बसत नव्हता. मालक म्हणाला, एक काढ. कोणतं काढायचं ते ऑपरेटरनं ठरवायचं. मी एकेक रीळ उलगडून दोन-चार हात फिल्म दिव्यासमोर धरून पाहिली. बाराव्यात गाणं नव्हतं, मारामारी नव्हती, अंगणात माणसं बसलेली दिसत होती, बस. ते डब्यातच ठेवलं. मशीन एकच होतं, दर रिळाला थांबावंच लागायचं, त्यामुळं अकरानंतर तेरा लागलं तरी कोणाला पत्ता लागत नव्हता. याचा मला अभिमान होता. पण ते रीळ मी स्वतः कधी पाहिलं नाही.

नागपूरच्या आठवड्यात तो पिक्चर चौथ्या दिवशी होता.

पहिल्याच दिवशी मी मशीनची कॅबिन पाहायला गेलो अन् तिथंच मला धक्का बसला. कॅबिनमध्ये ना धूर, ना गरमी, ना फिल्म. एक पोरगी खुर्चीवर बसली होती, समोर कॉम्प्युटर. मी विचारलं, "रिळं कुठी हायत?" ती म्हणाली, "आजोबा, सगळं यातच आहे. रिळं शोधून, धुऊन, साफ करून यात भरलीत." मी म्हटलं, चौथ्या दिवसाचा पिक्चर मी पंधरा रिळांत चालवत होतो. तिनं कुठंतरी बोट फिरवलं अन् म्हणाली, "पण हा सोळा रिळांचा आहे. सगळीच्या सगळी मिळाली."

मी बाहेर आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणे? मी म्हटलं, काही नाई.

पुढचे दोन दिवस माझं लक्ष पडद्यावर नव्हतं. मनात यायचं, बाराव्यात असेल काय? दोन माणसं बोलत असतील, दुसरं काय असणार? चौथ्या दिवशी मी म्हटलं, आज राहू द्या, पाय दुखून राह्यले. बायको साडी नेसून तयार होती. "तुमचाच पिक्चर अन् तुमीच नाई येत? चला उठा." मुलानं गाडी काढली.

हॉल भरला होता. पोरं-पोरी, जुना पिक्चर पाहायला रांगेनं आलेली. आमच्या तंबूत शिट्ट्या व्हायच्या, लेकरं रडायची, भजेवाला मधून फिरायचा. इथं कोणी खोकतही नव्हतं. माझ्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगा. अकरा रिळं मी मनात मोजत होतो. पडद्यावर बायको माहेरी गेली, नवरा ओसरीत एकटा बसला. इथं आमचं मशीन थांबायचं.

इथं थांबलं नाही.

तो उठला. चपला घातल्या. उन्हातून चालत निघाला, पार तिच्या माहेरच्या गावापर्यंत. अंगण आलं, तेच अंगण जे मी दिव्यासमोर धरून पाहिलं होतं. सासरा खाटेवर बसलेला. तो काही बोलत नाही, पाणीही विचारत नाही. नवरा खाली बसतो. बायको दाराआड उभी, तिचा फक्त पदर दिसतो.  मग तो मान खाली घालून म्हणतो, माझं चुकलं, मी घ्यायला आलो आहे.

 वाटलं, उठावं अन् ते मशीन बंद करावं. पण कोणतं मशीन बंद करणार?

पुढं तो तिला घेऊन निघतो. घरी आल्यावर तो मागच्या वाटेनं आत जातो, आतून कडी काढायला. अन् मग तेरावं रीळ. ती पेटी घेऊन दारात उभी, तो दार उघडतो. जे मी शंभरदा पाहिलं होतं तेच. पण ती एकटी आली नव्हती. तो तिला घेऊन आला होता. माझ्या तंबूतल्या एकाही माणसाला ते समजलं नाही. मलाही नाही.

उरलेली रिळंही संपली, दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको उठली नाही, म्हणून आम्हीही उठलो नाही. हॉल रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "हे तवा नव्हतं."

"नव्हतं."

"केळझरले नव्हतं."

"कुठीच नव्हतं. मी लावतच नव्हतो. टाईम पुरत नव्हता."

"मंग नेमकं हेच काऊन काढलं?"

"याच्यात गाणं नाई, मारामारी नाई. निस्ती मानसं बोलून राह्यली होती."

ती मुलाकडं वळली. "आयक रे. निस्ती बोलून राह्यली होती म्हणे."

मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मले ठावूक नव्हतं त्याच्यात काय हाय ते. हे रीळ मी लावलं असतं तर तू आली नसती. मी घ्यायले यीन म्हणून वाट पाह्यली असती."

तेव्हा ती माझ्याकडं असं पाहायला लागली, जसं मशीन बिघडल्यावर लोक माझ्याकडं पाहायचे.

"मी काय पिक्चर पाहून आली, असं वाटते का तुमाले?"

"मंग?"

"तुमचा तंबू गावात आला. आमच्या घरापासून दिसे. तुमचा पाणक्या आमच्याच विहिरीवर पाणी भराले ये. मी सहा दिवस रोज सकाळी अंगण सारवलं, का तुमी याल म्हणून. दोन दिवस पिक्चर पाहाले आली, तेबी तुमी मशीनच्या कापडाआडून बाहेर याल, दिसाल म्हणून. तुमी नाई आले. तंबू उठला, बैलगाड्या गेल्या. तवा समजलं का हा मानूस येनारा नाई. अन् बापाच्या घरी जन्मभर बसता येत नाई. म्हणून आली."

 इतक्या वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मी चारचौघांत पिक्चरची गोष्ट सांगायचो अन् ती चहा आणून ठेवायची. मी समजायचो, बाईला मान्य आहे.

मुलगा खुर्चीचा हात धरून बसला होता. ती त्याला म्हणाली, "अन् हा दुसरा. हाबी वाट पाहून राह्यला, ती हारून कवा येते त्याची."

"आई, बाबाच म्हणाले..."

"बाबा म्हणाले! तुले तोंड नाई का?"

उरलेले तीन पिक्चर आम्ही पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही नाचणगावला गेलो.

व्याही अंगणात होते. त्यांनी पाणी दिलं, नाही असं नाही, पण बसा म्हटलं नाही. मला वाटत होतं मुलगा बोलेल. तो चपलेच्या अंगठ्याकडं पाहत होता.  एवढ्या म्हाताऱ्या माणसाला तीन शब्द बोलायला किती वेळ लागावा? शेवटी म्हटलं, "इवाई, माही चूक हाय. पोरगा कवाचा आला असता. त्याले मी अडवलं."

सून दारात आली. "बाबा, अन् पाहुण्यासमोर जे बोलले, तेबी तुमीच शिकवलं का?"

व्याही हसले. मी हसू का नको ते समजेना.

मुलगा म्हणाला, "नाई. ते मी बोललो. माहं चुकलं."

ती लगेच बॅग आणायला आत जाईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बसा. जेवून जाजा. मी भाऊबीज करीन, मंग पाहीन." अन् आत गेली. मी उभाच. माणूस चूक कबूल करतो तरी समोरच्याला विचार करायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं.

भाऊबीजेनंतर मुलगा पुन्हा घ्यायला गेला, तेव्हा ती आली. पण ते पुढचं.

त्या दिवशी जेवण करून मुलगा नागपूरला गेला अन् आम्ही दोघं पुलगाववरून आमच्या गावाकडं निघालो. हिंगणघाटला बस बदलली. खिडकीजवळ ती, बाजूला मी.  नाचणगावला जे बोललो ते इतकं जड गेलं होतं की पुन्हा बोलता येईल असं वाटत नव्हतं. तरी म्हटलं, "माहं चुकलं."

"कोनतं?"

"केळझरचं."

ती खिडकीतून कपाशीकडं पाहत होती. म्हणाली, "बस लय आवाज करून राह्यली. नाई आयकू आलं."

मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तिकिटं फाडत असलेला कंडक्टर हात थांबवून आमच्याकडं पाहायला लागला.